सामाईक खिडकी

दोंडाईच्याच्या अलीकडे तारेवर बसलेला तो नीलपंख मला अजून दिसतो. खांबाखांबांमधून झोळ खात जाणारी तार, तिच्यावर मान आखडून बसलेलं मातकट, गप्प पाखरू, आणि गाडीच्या धडधडीने ते उडालं तेव्हा पंखांच्या आतून एकाएकी फुटलेला निळा रंग, इतका गडद आणि इतका उघडा की मागचं डिसेंबरातलं आभाळ क्षणभर फिकं पडलं. शेतातली कपाशी शेवटच्या वेचणीला आली होती. बांधावर एक सायकल आडवी पडली होती. हे सगळं मी आज डोळे मिटून सांगू शकते. तेव्हाही माझे डोळे मिटलेलेच होते.

मी झोपले होते.

नीलपंख पाहिला आमच्यातल्या दुसरीने. खिडकी तेव्हा तिच्या पाळीची होती. आम्ही सहाजणी, आणि पॅसेंजरच्या त्या कप्प्यात आमच्या वाट्याला आलेली खिडकी एकच; समोरच्या खिडकीत एक आजी आणि तिची बोरांची टोपली बसली होती. तेव्हा जळगाव सुटतानाच नियम ठरला की खिडकी पाळीपाळीने, आणि जी खिडकीत बसेल तिने गप्प बसायचं नाही. दिसेल ते बोलायचं. खिडकीचं भाडं असं शब्दांनी फेडायचं. मग कोणी बैल मोजले, कोणी विहिरी मोजल्या, कोणी नुसतंच 'केळी, केळी, अजून केळी' म्हणत धरणगाव गाठलं. आणि पाठीला पाठ लावून पेंगणाऱ्या आम्हा बाकीच्यांच्या कानांतून तो सगळा मुलूख आत उतरत राहिला, उन्हासकट, सावल्यांसकट. त्यातलं माझं कोणतं आणि दुसरीचं कोणतं, हे आता वेगळं काढता येत नाही.

काढूही नये.

आमच्या सहलीचं भांडवल म्हणजे एक मण्यांचा बटवा. जत्रेत मिळतो तसला, दोरी ओढली की तोंड मिटणारा. वसतिगृहातल्या खोलीत दिवा मालवून तो बटवा अंधारात हातोहात फिरवला होता. जिला जेवढं जमेल तेवढं तिने टाकायचं आणि कोणी किती टाकलं ते विचारायचं नाही. आमच्यातल्या एकीच्या घरून त्या महिन्यात मनीऑर्डर आलीच नव्हती. ती आधी 'मला अभ्यास आहे' म्हणाली होती. बटवा तिच्या हातातून पुढे गेला तेव्हा मणी किंचित वाजले. तिने काही टाकलं की नुसता हात फिरवला हे अंधाराने कोणाला सांगितलं नाही. जिला हिशेबाची सगळ्यांत जास्त धास्ती तिलाच आम्ही खजिनदार केलं, कारण पैसे मोजताना जिचे हात थरथरतात तिच्या हातून ते सुटतही नाहीत. तिच्याजवळ एक वही होती. वहीत खर्च लिहिला जाई. जमा कधीच लिहिली गेली नाही.

पॅसेंजर ही गाडी धावते कमी आणि थांबते जास्त. त्या काळी हा मार्ग एकेरी होता. समोरून एक्सप्रेस येणार असली की आमची गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात बाजूच्या रुळावर जाऊन उभी राही. क्रॉसिंग आहे, लोक म्हणत, आणि बिडी शिलगावायला खाली उतरत. त्या थांबण्यात एक विलक्षण सुख होतं. इंजिनाचा आवाज दूर पुढे राहिलेला, डब्यातला पंखा बंद, फलाटावरच्या कडुनिंबातून गळून पडणारं ऊन, हापशाच्या दांड्याचा कुरकुराट, कुठूनतरी येणारा तुरीच्या शेंगा भाजल्याचा वास, आणि या सगळ्याच्या वर ताणून धरलेली, जराही घाई नसलेली दुपार, जिच्यात आपण कुठून निघालो आणि कुठे जायचं आहे ते दोन्ही विसरून नुसतं असता येतं. मग एकदम रूळ थरथरत. धुळीचा एक लोट उठे, खिडक्यांची एक लांबलचक रेघ डोळ्यांसमोरून ओढली जाई, आणि एक्सप्रेसमधल्या माणसांनी आम्हाला पाहिलं न पाहिलं तोच ती निघूनही गेलेली असे.

तिकिटाचे पैसे त्यांनी जास्त दिले होते. दुपार आम्हाला मिळाली होती.

हा रस्ता तसा म्हाताराच. १९०० सालाच्या आसपास सुरतेहून अमळनेरपर्यंत रूळ आले तेव्हा त्याचं नाव होतं ताप्ती व्हॅली रेल्वे. कापसाच्या गाठी समुद्राकडे न्यायला ते अंथरले गेले. पुढे मालक बदलले, नाव पुसलं गेलं, पण तापीची सोबत सुटली नाही. नदी बहुतेक वेळ दिसत नाही. उजवीकडे, उत्तरेला, ती आहे एवढंच कळत राहतं. शेतांचा उतार तिकडे झुकतो, पाखरांचे थवे तिकडून येतात. आणि तिच्याही पलीकडे, नरडाण्यानंतर कधीतरी, क्षितिजावर एक धूसर निळी कड उमटते. पहिल्यांदा ढगच वाटतो. पण ढग जागा बदलतात आणि ही कड बदलत नाही.

सातपुडा.

"कथा चालनी व माय?" समोरच्या आजीने मला विचारलं. फिरायला, मी म्हटलं. "फिराले?" तिने तो शब्द तोंडात घोळवला आणि हसली. तिच्या हिशेबात या गाडीने माणसं कामाला जातात, सुरतेच्या मागांवर. लेकीच्या बाळंतपणाला जातात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जातात. आणि घरातलं कोणी गेलं की प्रकाश्याला, तापी आणि गोमाईच्या संगमावर, शेवटचं कार्य करायला जातात. दक्षिण काशीच ती. पण काहीही काम नसताना, कोणी जन्मलेलं नसताना आणि कोणी मेलेलं नसताना, सहा तरण्याताठ्या पोरी नंदुरबारकडे निघाल्या, याचं तिला फार कौतुक वाटलं. तिने आमच्या ओंजळीत बोरं ओतली. पैसे देऊ लागलो तर टोपलीवर पदर ओढला.

दोंडाईचा मागे पडलं आणि जिल्हा बदलला. नंदुरबार तेव्हा कोवळा जिल्हा होता, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला. आमच्यातली शहाद्याची मैत्रीण घरी पत्र लिहिताना अजून 'जिल्हा धुळे' लिहून मग खोडत असे. सहा तालुके तिने बोटांवर मोजून दाखवले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. आम्हीही सहा. मग काय, जिल्हा तिथल्या तिथे वाटून घेतला. शहादा अर्थातच जिचं तिला. नवापूर जिची मावशी तिथे राहत होती तिला. भांडता भांडता उरलेलं अक्राणी माझ्या वाट्याला आलं. "घे, तुला नुसते डोंगर," शहादेकरीण म्हणाली. मी खूश होते. डोंगर मला खिडकीतून दिसतच होते.

नंदुरबारला डबा भरला. बोचकी, पातेली, दोरीने बांधलेल्या गोधड्या, पायांना सुतळी बांधलेली एक कोंबडी, आणि या सगळ्यात माझ्याच वयाची एक मुलगी, कडेवर तान्हं नाही पण अजून नीट चालतही नाही असं लेकरू. तिच्या बोचक्यातून फडक्यात गुंडाळलेल्या कोयत्याचं टोक बाहेर आलं होतं. दिवाळी सरली की या बाजूची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, बारडोलीकडे, व्याऱ्याकडे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती पावसाळ्यातच संपलेली असते. मग हिवाळाभर ती उसात फेडायची. शहादेकरणीला तिची भाषा अर्धीमुर्धी कळत होती. तिने विचारून सांगितलं: धडगावच्या वरच्या अंगाचं गाव आहे.

म्हणजे अक्राणी. माझं.

ती उभी होती. आम्ही सरकून तिला जागा केली आणि लेकरू मी मांडीवर घेतलं. खिडकी तेव्हा माझ्या पाळीची होती. लेकराने दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले, कपाळ गजांना टेकवलं, आणि बाहेर बघू लागलं. कपाशी संपून साग सुरू झाला होता. खांडबाऱ्याच्या पुढे डोंगर रुळांजवळ येतात, सागाची मोठाली पानं कडेने तांबूस होऊन अजून फांदीवर अडकलेली असतात, मध्येच भाताची कापलेली खाचरं, कुडाच्या भिंतींची घरं, घरांवर कौलांतून गाळून निघणारा धूर; आणि त्या उतरत्या पिवळ्या उजेडात ते सगळं एकेक करून त्या लेकराच्या डोळ्यांत शिरत होतं आणि गाडीच्या वळणासरशी पुसलं जात होतं. खिडकीत बसेल तिने बोलायचं, हा आमचा नियम. लेकरू काही बोललं नाही. आम्हीही बोललो नाही. त्या अर्ध्या तासातलं काहीही आमच्यापैकी कोणाला आठवत नाही असं नाही, पण त्याची चर्चा आम्ही कधी केली नाही. तिच्या आणि आमच्या तिकिटाचा रंग एकच होता. स्वस्त गाडी आम्ही निवडली होती. तिला निवड नव्हती.

नवापूरला आम्ही उतरलो. ती दोघं पुढे गेली.

नवापूरचं स्टेशन दोन राज्यांत आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा हद्दीची रेघ जाऊन पडली ती नेमकी आधीपासून उभ्या असलेल्या या फलाटावरून. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. आता तिथलं एक बाक प्रसिद्ध झालं आहे. अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलेलं, अर्ध्यावर गुजरात, आणि माणसं मधोमध बसून छायाचित्रं काढून घेतात. आमच्याजवळ कॅमेरा नव्हता. आम्ही त्या संध्याकाळी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसत्या चाललो, हद्द पायांना कळते का ते बघत. मराठीतली घोषणा ऐकू आली, मग गुजरातीतली. दिव्याभोवतीचे किडे इकडून तिकडे जात होते. गार वारा रंगावली नदीकडून येत होता आणि दोन्हीकडे सारखाच लागत होता. मावशींनी रात्री गरम भात आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी वाढली. सहा पाहुण्या आल्या म्हणून एक शब्द नाही. झोपताना एकाच लांब सतरंजीवर ओळीने आडव्या झालो. खजिनदारणीने वहीत लिहिलं: मुक्काम, शून्य.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीने नंदुरबारला आलो. गावाआधी शिंक आली. एकीला, मग दुसरीला, मग सगळ्यांना, आणि शिंकता शिंकता हसू, हसता हसता डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यातून दिसलेला तो अफाट लाल पट्टा. मिरचीच्या पथारी. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची गाड्यांनी उतरते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानांत उन्हाला पसरली जाते. एक शेत नाही, दोन नाही. नजर जाईल तिथवर जमीनच तांबडी. जवळून पाहावं तर एक रंग नसतोच. काल पसरलेली ओलसर, चकाकणारी. चार दिवसांची मुरलेली, गर्द. वाळून खुळखुळणारी जवळजवळ काळपट. त्या लालाच्या मधोमध, डोक्याला फडकी बांधून, नाकातोंडावर पदर गुंडाळून बायका बसल्या होत्या, मिरचीचे देठ खुडत, डागी मिरची बाजूला टाकत. त्यांच्या हातांची काय आग होत असेल, मी विचारलं. संध्याकाळी तेल लावतो, एक म्हणाली, आणि मग लेकराला घेत नाही, दुसरी म्हणाली. त्यानंतर आम्ही हसलो नाही. लाल रंग तसाच सुंदर राहिला, पण आता तो डोळ्यांबरोबर हातांनाही दिसू लागला होता.

गावात माणिक चौकात आम्ही थोडं थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथे पोलिसांच्या गोळ्या लागून शिरीषकुमार पडला. पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. शाळेच्या पुस्तकात शिरीषकुमार एकटा भेटला होता. इथे तो सोबत्यांसह भेटला. पाच नावं एका दमात वाचताना जाणवलं की ही एका आळीतल्या, एका शाळेतल्या, एकमेकांना हाक मारून बोलावणाऱ्या पोरांची नावं आहेत. त्या सकाळी मिरवणुकीला निघताना कोणीतरी कोणाच्या तरी दारात उभं राहून म्हणालंच असेल, चल.

शहाद्याला जाणारी लाल एस.टी. तापी ओलांडते तेव्हा इतका वेळ नुसती जाणवत असलेली नदी एकदाची दिसली. रुंद, संथ, पश्चिमेकडे निघालेली. मैत्रिणीच्या घरी तिच्या आईने कळण्याच्या भाकरी थापल्या, वर लोण्याचा गोळा, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि पुढच्या प्रवासाला दशम्या बांधून दिल्या. "पोटभर खा गं, वर काही मिळायचं नाही," ती प्रत्येकीच्या पानात बघत म्हणाली. बटव्याची दोरी त्या दिवशीही सुटली नाही. पहाटे जीपमध्ये माणसांच्या मांड्यांवर माणसं बसवून आम्ही तोरणमाळच्या वाटेला लागलो.

सातपायरीच्या घाटात एकेक वळण चढत गेलं तसं खालचं पठार निळं होत गेलं, आणि जी कड आम्ही रेल्वेतून ढग समजून पाहिली होती तिच्या अंगाखांद्यावर आपण आहोत हे हळूहळू ध्यानात आलं. वर, साडेतीन हजार फुटांच्या पुढे, हवा पातळ आणि स्वच्छ होती. यशवंत तलावाचं पाणी इतकं स्थिर की काठावरच्या बाईने कळशी बुडवली तेव्हा समोरचा अख्खा डोंगर हलला. सीताखाईच्या कड्यावर उभं राहून आम्ही एकमेकींची नावं ओरडलो. प्रत्येकीने दुसरीचं. दरी नाव घेई, खालपर्यंत नेई, पलीकडच्या कातळावर ठेवून परत आणी, आणि परत आलेला आवाज ओरडणारीचा राहिलेला नसे, जिचं नाव तिचाही नसे. जिची मनीऑर्डर आली नव्हती तिचं नाव सगळ्यांत लांब घुमलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, अजून एकदा.

आम्ही अजून एकदा ओरडलो.

रात्री शेकोटीभोवती बसलो होतो. गोरखनाथाच्या देवळाकडून एक घंटा वाजली, मग सगळं शांत झालं आणि थंडी वरून अंगावर उतरू लागली. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, माणसं डोंगर चालून येतात. त्या रात्री मात्र आमच्याशिवाय जाग नव्हती. चांदण्या इतक्या होत्या की त्यांच्याकडे बघायचीही पाळी लावावी लागली, जिचं पांघरूण पायांना पुरत नव्हतं तिने पाय आत घेऊन मान बाहेर काढायची. दूर खाली, अंधाराच्या तळाशी, दिव्यांचा एक पुंजका होता. मला ती रेल्वेतली मुलगी आठवली. तिचं गाव याच डोंगरांत कुठेतरी होतं आणि ती तिथे नव्हती. तिच्या तालुक्याची हवा मी छातीत भरून घेत होते. ती याच वेळी कुठल्या तरी उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या खोपीत, लेकराला कुशीत घेऊन पडली असेल. अक्राणी माझं आहे असं मी पुन्हा म्हणाले नाही.

पुढे आम्ही विखुरलो. एक पुण्याला, एक सुरतेला, एक परदेशी; शहादेकरीण शहाद्यातच. रूळ दुहेरी झाले, विजेचे झाले. क्रॉसिंगसाठीचं ते लांबलचक थांबणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कधी फोनवर सगळ्या भेटलो की सहल निघतेच, आणि वाद होतो. नीलपंख मी पाहिला, मी म्हणते. छे, मी पाहिला, तिसरीच म्हणते. जिने पाहिला ती नुसती हसते. शिंक आधी कोणाला आली, कळशी बुडवणारी बाई कोणी दाखवली, यांवर कधीही एकमत झालेलं नाही. नंतर मी महागड्या गाड्यांनी, स्वतःच्या आरक्षित खिडकीशी बसून, खूप मुलूख पाहिला. तो स्वच्छ आठवतो. पण त्यात मी एकटीच आहे. त्यावर वाद घालायला दुसरं कोणी नाही.

कमी पैशांत फिरलं की कमी मिळतं, हे खरंच आहे. झोप कमी मिळते, जागा कमी मिळते, पाय दुखतात. जे मिळतं ते मात्र सगळ्यांचं मिळून असतं, आणि म्हणून एकीच्या विसरण्याने संपत नाही. तेव्हा सहल ठरवाल तर हिवाळ्यात नंदुरबारकडे ठरवा. मिरची पसरलेली असते, सातपुडा स्वच्छ दिसतो. आणि तिला परवडणार नाही असं आपणच ठरवून जिला तुम्ही कधी विचारलेलं नाही, त्या मैत्रिणीला सगळ्यांत आधी विचारा.